लाकडी सांगाड्याची घरे आणि सामाजिक गृहनिर्माण : मुंबईत हे कुठे बसेल?

तळखडा

नमस्कार.

दक्षिण मुंबईतील उपकरप्राप्त, म्हणजे दुरुस्तीसाठी उपकर भरणाऱ्या जुन्या, इमारतींच्या दुरुस्तीच्या कामात माझी बावीस वर्षे गेली. १९६९ साली दुरुस्ती मंडळाचा कायदा झाला तेव्हा अशा इमारतींची संख्या १९,६४२ होती, आणि त्यांपैकी जुन्यांत जुन्या, म्हणजे ‘अ’ वर्गातल्या, अनेक इमारती सागवानी खांब, तुळया आणि मध्ये विटांचे भरकाम अशा पद्धतीने बांधलेल्या होत्या. लाकडी इमारत म्हटले की टेकू लावलेली, पाडण्याची नोटीस चिकटवलेली इमारतच मुंबईकराच्या डोळ्यांसमोर येते, आणि ते स्वाभाविक आहे. मात्र अशा इमारती उतरवताना मला एक गोष्ट वारंवार दिसली. इमारतीच्या मधल्या, कोरड्या भागातले ऐंशी-नव्वद वर्षांचे लाकूड तासल्यावर आतून तेलकट आणि टणक निघे, तर त्याच तुळईचे मोरीकडचे टोक हाताने कुस्करता येई. त्यामुळे ‘लाकूड टिकत नाही’ हे विधान मला नेहमी अपुरे वाटत आले आहे. लाकूड पाण्यात टिकत नाही, आणि आपण ते पाण्यात ठेवले होते.

हा धागा काढण्याचे कारण असे की ब्रिटनमधील गृहनिर्माण संस्था, म्हणजे घरे बांधून ती न विकता वर्षानुवर्षे परवडणाऱ्या भाड्याने देणाऱ्या ना-नफा संस्था आणि नगरपालिका, लाकडी सांगाड्याकडे का वळल्या, याचा मी गेले काही महिने अभ्यास करीत आहे. स्कॉटलंडमध्ये तर आज बांधल्या जाणाऱ्या नव्या घरांपैकी बहुतेक घरे लाकडी सांगाड्याचीच असतात. तिथली नेहमीची पद्धत म्हणजे ४०० किंवा ६०० मिलिमीटर अंतरावर उभ्या पट्ट्या, बाहेरून दाबीव लाकडी तक्ता, पट्ट्यांच्या मधल्या पोकळीत उष्णतारोधक, आतून जिप्समचे तक्ते, आणि हे सारे कारखान्यात भिंतीएवढ्या आकारात जोडून ट्रकमधून आणलेले. जागेवर पाया तयार असेल तर सांगाडा आणि छप्पर उभे राहण्यास आठवडे लागतात, महिने नव्हे. छप्पर लवकर झाले की आतले वायरिंग, नळकाम आणि बाहेरचे विटांचे आवरण एकाच वेळी सुरू करता येते.

खासगी विकासकाला या वेगाचे महत्त्व मर्यादित असते, कारण विक्री मंद असेल तर इमारत लवकर पूर्ण करून त्याला फारसे काही मिळत नाही. सामाजिक संस्थेचे गणित वेगळे असते. तिच्याकडे रहिवाशांची यादी तयार असते, कर्जाचे व्याज चालू असते आणि भाडे मात्र ताबा दिल्यावरच सुरू होते. मुंबईत तर याहून मोठा एक खर्च आहे. वरळी बीडीडी चाळींच्या पुनर्विकासात स्थलांतरित कुटुंबाला दरमहा २५,००० रुपये भाडे देण्याचे ठरले. हाच दर धरला तर शंभर कुटुंबांचे एका महिन्याचे भाडे २५ लाख रुपये होते आणि वर्षाचे तीन कोटी. बांधकाम सहा महिने आधी संपले तर दीड कोटी रुपये वाचतात, आणि शंभर घरांतील मुलांची शाळा सहा महिने आधी मूळ जागी येते, ज्याची किंमत कोणत्याही अंदाजपत्रकात धरली जात नाही.

दुसरा मुद्दा वजनाचा. पुनर्वसनातल्या ३०० चौरस फुटांच्या, म्हणजे २७.८७ चौरस मीटरच्या घराचा १२५ मिलिमीटर जाडीचा सिमेंटचा स्लॅब, दर घनमीटरला २५०० किलो धरता, सुमारे ८.७ टनांचा होतो. लाकडी कड्या, वर प्लाय, आवाज अडवण्यासाठी सिमेंटचा तक्ता आणि खाली जिप्समचे दोन थर असा तोच मजला माझ्या हिशोबाने अडीच टनांच्या आसपास येतो. लंडनच्या हॅकनी भागात तिथल्या नगरपालिकेसाठी २०११ साली बांधलेली ब्रिडपोर्ट हाउस ही ४१ घरांची इमारत या दृष्टीने अभ्यासण्यासारखी आहे. त्या जागेखालून व्हिक्टोरियाच्या काळातले मोठे सांडपाण्याचे भुयार जाते. जड इमारतीचा भार त्याच्यावर टाकता येत नव्हता, म्हणून आडव्या-उभ्या थरांत फळ्या चिकटवून केलेल्या जाड लाकडी तक्त्यांची इमारत निवडली गेली, आणि जिथे पूर्वी वीस घरे होती तिथे दुप्पट झाली. भराव टाकून केलेली जमीन, खाली मऊ चिखल, मधूनच जाणारा नाला, हे वर्णन मुंबईच्या किती भूखंडांना लागू पडते ते येथील वाचकांना सांगण्याची गरज नाही.

माझे मत मी आधीच स्पष्ट करतो. चाळीस मजल्यांच्या मनोऱ्यासाठी मी लाकूड सुचवीत नाही. पुनर्विकासाच्या काळात रहिवाशांना तात्पुरते ठेवण्याची संक्रमण शिबिरे, महापालिकेच्या सफाई कामगारांच्या वसाहती, परिचारिकांची आणि नोकरदार महिलांची वसतिगृहे अशा तीन ते पाच मजल्यांच्या, भाड्याच्या किंवा सेवानिवासाच्या इमारतींसाठी हा विचार व्हावा, असे मला वाटते. अशा इमारतींच्या एका छोट्या प्रायोगिक प्रस्तावाचा मसुदा मी तयार करीत आहे आणि त्यासाठी आपल्या सूचना हव्या आहेत.

गच्चीकर

मी ठाण्यात स्ट्रक्चरल सल्लागार म्हणून काम करतो. मांडणी आवडली, परंतु आपण ज्यावर फारसा भर दिला नाही तो मुद्दा मला निर्णायक वाटतो, आणि तो मालकीचा आहे.

ब्रिटनमधील संस्था इमारत बांधते आणि चाळीस-पन्नास वर्षे स्वतःच सांभाळते. त्यामुळे उष्णतारोधकावर आज केलेला जास्तीचा खर्च तिला कमी तक्रारी, कमी ओल आणि वेळेवर येणारे भाडे या रूपाने परत मिळतो. आपल्याकडे म्हाडा सोडत काढून घर विकते, झोपडपट्टी पुनर्वसनातले घर रहिवाशाच्या नावावर होते आणि इमारत सहकारी सोसायटीकडे जाते. ज्याने बांधले तो देखभालीच्या वेळी तिथे नसतो. अशा रचनेत लाकडी सांगाडा देणे म्हणजे ज्या लोकांकडे दुरुस्ती निधी नाही त्यांच्या गळ्यात नियमित तपासणी मागणारी इमारत बांधणे होय. त्यामुळे आपण भाड्याच्या आणि सेवानिवासाच्या इमारतींपुरती जी मर्यादा घातली आहे ती केवळ सावधगिरी म्हणून न ठेवता प्रस्तावाची पहिली अट म्हणून लिहावी.

नियमांबद्दल थोडेसे. लाकडाच्या संरचनेसाठी आयएस ८८३ हे मानक आहे आणि २०१६ च्या राष्ट्रीय इमारत संहितेच्या सहाव्या भागात लाकूड व बांबूचा स्वतंत्र विभाग आहे, म्हणजे पाया अगदीच नाही असे नाही. केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाने १९९३ मध्ये सरकारी इमारतींत लाकूड वापरण्यावर बंदी घातली होती, ती २०२० मध्ये उठली. त्या सत्तावीस वर्षांत अभियंत्यांची एक पूर्ण पिढी लाकडाची तुळई एकदाही न आखता निवृत्तीला आली, आणि माझ्या मते आजची खरी अडचण हीच आहे. २०२१ मध्ये केंद्र सरकारने इंदूर, राजकोट, चेन्नई, रांची, आगरतळा आणि लखनौ येथे नव्या तंत्रांची सहा ‘लाइट हाउस’ गृहसंकुले हाती घेतली, त्यांत प्रीकास्ट, म्हणजे आधी ओतून आणलेले काँक्रीट, होते, हलक्या पोलादाचा सांगाडा होता, पण लाकूड एकाही ठिकाणी नव्हते. लवकर बांधायचे असेल तर मुंबईचा ठेकेदार आज मिवानचे, म्हणजे काँक्रीट ओतण्याचे ॲल्युमिनियमचे, साचे लावतो, आणि आपल्या प्रस्तावाला तुलना त्याच्याशीच करावी लागेल, विटांच्या जुन्या बांधकामाशी नव्हे.

भूकंपाच्या बाबतीत मात्र मी पूर्णपणे आपल्या बाजूने आहे. इमारत जितकी हलकी तितका तिच्यावर येणारा भूकंपाचा जोर कमी. १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपात दगडमातीच्या जाड भिंती कोसळल्या आणि त्यांनीच माणसे मारली, तर कित्येक घरांत माळवदाखालचे लाकडी खण उभे राहिले होते.

पागोळी

माझे बालपण गिरगावातल्या एका चाळीत, तिसऱ्या मजल्यावर गेले. तळखडा यांनी मोरीकडच्या टोकाचा उल्लेख केला म्हणून लिहिते आहे.

आमच्या खोलीत तीन बाय चार फुटांची मोरी होती. त्या मोरीत आंघोळ होत असे, भांडी घासली जात, धुणे होई आणि पिंपात पाणी साठवले जाई. सकाळी पाणी येण्याची वेळ एक तासाची असल्यामुळे त्या तासात मोरी एक क्षणही कोरडी नसे. खालच्या बिऱ्हाडाच्या छताला ओल आली की मालकाचा माणूस येऊन वरून सिमेंटचा एक थर द्यायचा, आणि त्या थरांच्या वजनाने मोरीचा कोपरा दरवर्षी थोडा अधिक खचत असे. गॅलरीच्या टोकाला सामाईक संडास होते, तिथली तुळई माझ्या आईच्या डोळ्यांदेखत दोनदा बदलली गेली. आमची आई मुलांना त्या टोकाला एका वेळी दोघांपेक्षा जास्त उभे राहू देत नसे.

इंग्लंडमधल्या न्हाणीघरात पाणी टबात पडते आणि जमीन कोरडी असते. आपल्या घरात बादलीने आंघोळ होते, जमीन रोज धुतली जाते, आणि तसेच व्हायला हवे. तेव्हा तिकडची पद्धत उचलताना ही मोरी कुठे ठेवणार, हे आधी ठरवा, मग बाकीचे. दुसरे असे की लाकडी मजल्यावर वरच्या बिऱ्हाडातला पाटा-वरवंटा आणि मुलांची धावपळ आम्हाला शब्दशः डोक्यावर ऐकू येत असे. त्याचाही विचार व्हावा.

निखारा

अग्निसुरक्षेच्या क्षेत्रात काम करतो, म्हणून तेवढ्यापुरतेच लिहितो. ‘लाकूड जळते म्हणून धोकादायक’ आणि ‘जाड लाकूड कोळसा धरून स्वतःचे रक्षण करते म्हणून सुरक्षित’ ही दोन्ही विधाने अर्धी आहेत, आणि धाग्यात दोन वेगळ्या पद्धतींची सरमिसळ होते आहे असे मला वाटले.

नरम लाकूड आगीत मिनिटाला साधारण ०.६५ मिलिमीटर या गतीने कोळसा होत जाते. म्हणजे तासाभरात सुमारे ३९ मिलिमीटर. तीनशे मिलिमीटरचा खांब किंवा जाड तक्ता असेल तर हा भाग आधीच वाढवून धरता येतो आणि तासाभरानंतरही आतला गाभा भार पेलत राहतो. पोलाद तापून अचानक वाकते, त्या मानाने हे वर्तन अधिक अंदाजात बसणारे आहे. परंतु स्कॉटलंडची जी पट्ट्यांची पद्धत तळखडा यांनी वर्णन केली, तिच्यातली पट्टी अडतीस-चाळीस मिलिमीटर जाडीची असते. तिच्याकडे जाळायला काही शिल्लकच नसते. तिचे संपूर्ण संरक्षण जिप्समच्या तक्त्यांवर आणि पोकळीत ठरावीक अंतरावर बसवलेल्या, आग अडवणाऱ्या आडकाठ्यांवर अवलंबून असते. रहिवाशाने एसीच्या नळीसाठी भिंतीला भोक पाडले आणि ते नीट बुजवले नाही, तर आग त्या पोकळीतून दोन घरांपलीकडे निघते. मुंबईत एसी, केबल, पाण्याची जादा टाकी यांसाठी भिंती फोडणे ही रोजची गोष्ट आहे. म्हणून गच्चीकरांचा मालकीचा मुद्दा अग्निसुरक्षेलाही तितकाच लागू होतो. घर संस्थेच्या ताब्यात असेल तरच प्रत्येक भोकाची नोंद ठेवता येईल.

सर्वांत मोठा धोका रहिवासी राहायला येण्याआधीचा आहे. तक्ते बसलेले नसताना उघडा सांगाडा फार वेगाने पेटतो. लंडनमध्ये २००६ साली कॉलिंडेल येथे आणि २००९ साली पेकहॅम येथे बांधकाम चालू असलेल्या लाकडी इमारती जळाल्या, आणि पेकहॅमला आग शेजारच्या राहत्या घरांपर्यंत गेली. आपल्याकडे शेजारची इमारत अनेकदा हाताच्या अंतरावर असते. त्यामुळे जागा निवडताना चारही बाजूंनी मोकळे अंतर, एकेक मजला बंदिस्त करूनच पुढचा चढवणे आणि जागेवर वेल्डिंगला पूर्ण मनाई, या अटी माझ्या दृष्टीने तडजोडीच्या नाहीत. २०१७ साली आगीत जळालेला लंडनचा ग्रेनफेल टॉवर काँक्रीटचा होता हे खरे, पण त्या दुर्घटनेनंतर इंग्लंडने २०१८ मध्ये अठरा मीटरपेक्षा उंच निवासी इमारतींच्या बाह्य भिंतींत ज्वलनशील साहित्याला बंदी घातली आणि त्यामुळे तिथेही उंच लाकडी घरांचा वेग कमी झाला. तीन ते पाच मजल्यांवर थांबण्याचा निर्णय म्हणूनच योग्य आहे.

वासा

मी अकरा वर्षे व्हँकुव्हरमध्ये होतो, आता दादरला असतो. पागोळी यांनी घरातल्या पाण्याविषयी लिहिले, मी बाहेरच्या पाण्याविषयी लिहितो.

व्हँकुव्हर हे पावसाचे शहर आहे आणि तिथे तीन-चार मजल्यांच्या इमारती सर्रास लाकडी सांगाड्याच्या असतात. १९८० नंतरच्या काळात तिथे गिलावा केलेल्या, सपाट, पागोळ्या नसलेल्या इमारतींची टूम आली. भिंतीत शिरलेले पाणी बाहेर पडायला वाटच ठेवलेली नव्हती, त्यामुळे गिलाव्याला गेलेल्या बारीक चिरांतून आणि खिडक्यांच्या कडांतून पाणी आत गेले आणि सांगाडा आतल्या आत कुजला. हजारो कुटुंबांची बचत दुरुस्तीत गेली, आणि सहकारी गृहसंस्थांनाही तो फटका बसला. १९९८ मध्ये चौकशी आयोग बसला आणि त्यानंतर गिलावा व सांगाडा यांच्यामध्ये पाणी वाहून जाण्यासाठी मोकळी फट ठेवण्याची पद्धत रूढ झाली. त्यानंतरच्या इमारती त्याच पावसात नीट उभ्या आहेत.

मुंबईत चार महिन्यांत दोन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, आणि तो वाऱ्याबरोबर आडवा येतो. कोकणातल्या घराला लांब पागोळी का असते आणि खांबाखाली दगडाचा तळखडा का असतो, हे धागाकर्त्यांनी आपल्या नावातच सांगितले आहे. मजल्यामजल्याला छज्जा हवा, आणि तो दर्शनी भागाची शोभा बिघडते म्हणून नकाशातून काढला जाऊ नये.

रिप

रे रोडला आमचा लाकडाचा तीन पिढ्यांचा व्यवसाय आहे. पाडलेल्या चाळींचे जुने बर्मा टीक आजही आमच्याकडून फर्निचरसाठी हातोहात जाते, त्यामुळे त्या लाकडाच्या दर्जाबद्दल तळखडा यांचे म्हणणे मी खात्रीने दुजोरा देऊन सांगू शकतो. मात्र सागवानात भाड्याची घरे बांधणे परवडणारे नाही. गांधीधामच्या बाजारात येणारे आयात पाइनचे लाकूड हाच व्यवहार्य पर्याय आहे, आणि त्याला स्वतःची अशी वाळवीविरुद्ध ताकद नसते. ते दाबाखाली औषध मुरवलेलेच घ्यावे. ब्रशने औषध लावून काम भागत नाही, कारण कापलेल्या प्रत्येक टोकाला कोरे लाकूड उघडे पडते. भाव आज काँक्रीटच्या खाली येतील असे मी सांगणार नाही. वाचेल तो वेळ, आणि त्या वेळेचा पैसा.

गच्चीकर

उष्णतेचा मुद्दा कोणी मांडला नाही म्हणून एक भर. आपल्या दमट हवेत काँक्रीटची भिंत दिवसभर तापते आणि रात्री ती उष्णता खोलीत सोडते. वरच्या मजल्यावरचे लोक मे महिन्यात गच्चीवर झोपायला का जातात, याचे उत्तर त्या स्लॅबमध्ये आहे. हलकी, उष्णतारोधक भरलेली, सावलीतली आणि समोरासमोर खिडक्या असलेली खोली सूर्यास्तानंतर लवकर निवते. ज्यांना एसीचे बिल परवडत नाही त्यांच्यासाठी हा फरक झोपेचा आहे. निवासी इमारतींच्या २०१८ च्या ऊर्जा संहितेने भिंती-खिडक्यांतून आत येणाऱ्या उष्णतेची मर्यादा प्रति चौरस मीटर १५ वॅट ठेवली आहे, आणि नीट बांधलेला लाकडी सांगाडा ती सहज पाळू शकेल असे मला वाटते.

तळखडा

सर्वांचे मनापासून आभार. पागोळी यांचा प्रतिसाद वाचून मसुद्याचा आराखडाच बदलला आहे.

आता मोरी, संडास आणि स्वयंपाकाचा ओटा लाकडी सांगाड्यात नसतील. गॅलरीच्या बाजूला, एकावर एक रचलेला काँक्रीटचा स्वतंत्र उभा गाळा असेल, आणि राहण्याच्या खोल्यांचा लाकडी भाग त्याला केवळ टेकलेला असेल, त्याच्यावर उभा नसेल. यामुळे वजनातली थोडी बचत आणि काही दिवस जातील, ते मला मान्य आहे. तळमजला संपूर्ण काँक्रीटचा राहील, म्हणजे तुंबलेले पाणी आणि जमिनीतली वाळवी या दोघांपासून लाकूड एक मजला दूर जाईल. वर तीन मजले, प्रत्येक मजल्याला साडेसातशे मिलिमीटरचा छज्जा, भिंतीच्या आवरणामागे निचऱ्याची फट, आणि निखारा यांच्या तिन्ही अटी जशाच्या तशा. बारीक पट्ट्यांऐवजी जाड खांब-तुळया घेतल्या तर आगीचा हिशोब सोपा होतो आणि आपल्या सुतारांना ती जोडणी शिकवणेही सोपे जाते, त्यामुळे मी त्या दिशेला झुकलो आहे. आवाजासाठी मजल्यावर सिमेंटचा तक्ता रबरी पट्टीवर तरंगता ठेवावा लागेल.

पहिली इमारत संक्रमण शिबिराची असावी असे मला वाटते, कारण बोल्टने जोडलेला सांगाडा उद्या दुसऱ्या भूखंडावर नेता येतो. काही कुटुंबांची पूर्ण पिढी ज्या शिबिरांत गेली ती शिबिरे निदान राहण्याजोगी असावीत, ही माझी जुनी तळमळ त्यामागे आहे. लाकडातला ओलावा वीस टक्क्यांच्या वर गेला की बुरशीचा धोका सुरू होतो, म्हणून दरवर्षी मे महिन्यात आणि पुन्हा ऑक्टोबरमध्ये ठरलेल्या जागी मीटर लावून नोंद घ्यायची, आणि त्यासाठी भिंतीत उघडता येणाऱ्या झडपा ठेवायच्या.

पागोळी

आराखडा वाचला, समाधान वाटले. आमच्या चाळीतही दरवर्षी कोणीतरी तपासणीला येऊन जात असे आणि त्याने काय लिहिले ते आम्हाला कधीच कळत नसे. त्या ओलाव्याच्या नोंदींची वही तळमजल्यावर, कोणत्याही भाडेकरूला उघडून पाहता येईल अशी ठेवावी, आणि आकडा वीसच्या वर गेल्यास किती दिवसांत दुरुस्ती सुरू होईल हे त्याच वहीच्या पहिल्या पानावर छापलेले असावे, ही एक अट कृपया मसुद्यात घालावी.